आधी शिवलेलं दुपटं

लेकीचं लेकरू गेलं आणि बापानं ससे आणले. दुःखावर असला उतारा आमच्या मालकांशिवाय कुणाला सुचणार? लोक अशा वेळी देवाला जातात, पोरीला चार दिवस मावशीकडं धाडतात, काहीच सुचलं नाही तर गप बसतात. गप बसणं मालकांच्या रक्तातच नाही. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, लोकांना 'पुढं सरका, पुढं सरका' करत म्हातारे झाले, आणि रिटायर झाल्यावर पुढं सरकवायला घरात मी एकटीच उरले.

उदगीरला कुणाच्या तरी लग्नाला म्हणून गेले आणि येताना जाळीच्या टोपलीत दोन ससे घेऊन आले. एक पांढरा नर, एक राखी मादी. लग्नात आहेर करतात हे माहीत होतं, परत काय आणतात ते तेव्हा कळलं.

"पोरीचं मन रमंल," मालक म्हणाले.

"पोरीचं मन म्हंजे काय मोकळं सीट हाय का, कुणालाबी आणून बसवायला?" मी म्हणाले.

नेहमीप्रमाणं त्यांनी ऐकलं नाही. मोबाईल काढला आणि सशांचे व्हिडिओ लावून बसले. दोन दिवसांत त्या माणसाला सशातलं इतकं कळायला लागलं, की सशांनासुद्धा स्वतःबद्दल तेवढं ठाऊक नसेल.

लेक दारातच बसली होती. तिनं टोपलीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

ती हिमायतनगरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सातव्या महिन्यात आमच्याकडं आली होती, शिरूर अनंतपाळपासून जवळच आमचं गाव. लातूरच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि दोन दिवसांत गेली. ससे आले तेव्हा त्याला दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत लेकीच्या तोंडून दोनच शब्द बाहेर आले, 'हाव' आणि 'न्हाई'. जावई बिचारा दर रविवारी फोन करायचा, "मी येऊन राहिलो न्यायला, येऊ का?" ती म्हणायची, "न्हाई." दोनदा तो न विचारताच आला, चहा पिऊन, जमिनीकडं बघून परत गेला. बापाला, आजीला ती 'हाव' तरी म्हणायची. मला तेवढंही नाही. मी ताट ठेवलं की जेवायची, मी उचललं की उठायची. मला दिवसरात्र एकच भीती. ही पोर अशीच राहिली तर हिचा संसार मोडेल, आणि त्याच्या आधी हीच मोडेल.

ती माझ्याशी का बोलत नाही, ते मला माहीत आहे असं मला वाटत होतं. ते सांगायचं तर आधी आमच्या घरचा कायदा सांगावा लागेल.

लेकरू जमिनीवर पडेपर्यंत त्याच्या नावानं सुई-दोरा हातात घ्यायचा नाही, हा तो कायदा. झबलं शिवायचं नाही, टोपडं आणायचं नाही, दुपटं नाही, पाळण्याचं तर नावच नाही. आधी तयारी केली की दृष्ट लागते. लेकरू झालं की मग धावाधाव करायची, शेजारपाजारचं जुनं धुतलेलं मागून आणायचं. माझी सासू या कायद्याची फौजदार. आणि मी कोण? अंगणवाडी सेविका. गरोदर बायांची बैठक घेऊन, भिंतीवर चित्रं लावून, घसा फोडून सांगणारी, की बायांनो, नववा लागायच्या आत पिशवी भरून ठेवा, लेकराचे स्वच्छ कपडे ठेवा, ऐन वेळी पळापळ नको. बाया माना डोलवायच्या, मी रजिस्टरवर सह्या घ्यायची आणि घरी येऊन सासूपुढं माना डोलवायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

एकदाच मोडला मी तो कायदा. लेकीला सातवा लागला होता. खिचडी खाऊन लेकरं घरी गेली की मी अंगणवाडीचं दार लोटून घ्यायची आणि माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या घड्या घालून टाके मारत बसायची. वीतभर वीतभर करत दुपटं झालं. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं एक फूल काढलं, तेही वाकडंच. घरी आणून पत्र्याच्या पेटीत सगळ्यात खाली, चादरींच्या खाली घातलं, आणि चोरी केल्यासारखी कुलूप लावून बसले.

मग लेकरू गेलं. दवाखान्यात नर्स म्हणाली, "गुंडाळायला कपडा द्या." आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. कायद्याची माणसं आम्ही, आमच्याकडं कपडा कुठला? मालकांनी पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढून दिला, चहाचा डाग पडलेला. त्याच टॉवेलात तिला गावाकडं आणलं आणि त्याच टॉवेलात नेलं. घरात पेटी माझ्यापासून दहा पावलांवर होती. मी उठले नाही. हे मी शिवलं म्हणूनच ती गेली, असं मला वाटत होतं, आणि ते बाहेर काढलं तर सगळ्यांना कळेल. बारावी पास झालेली, सरकारची पगारी बाई मी, आणि मनात हे असलं. लेकीनंही ते ओळखलं असणार, म्हणूनच ती माझं तोंड बघत नाही, असं मी धरून चालले होते.

तर ससे.

पिंजरा करायला मालक शिरूरच्या बाजारातल्या वेल्डिंगवाल्या चाचांकडं गेले आणि ओझं धरायला मला नेलं. चाचांनी स्वतः पूर्वी ससे पाळले होते, त्यामुळं मालकांचं मोबाईलचं ज्ञान त्यांच्यापुढं दोन मिनिटांत उघडं पडलं. चाचांनी जाळीचे दोन खण केले, खाली लेंड्या पडायला जागा ठेवली आणि म्हणाले, "भाभी, पिल्लांची पेटी बी आत्ताच न्या. मादी महिन्याभरात विते. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी आत ठेवायची, मऊ गवत घालून. पिल्लं उघडी पडतात, आंगावर एक केस नसतो. जाळीवर पडली तर थंडीनं खतम. पेटी नंतर बघू बोलू नक्को."

मालक म्हणाले, "नंतर बघू."

कारण घरी विचारल्याशिवाय पेटी आणायची हिंमत कुणात होती? घरी आल्यावर मी सासूपुढं विषय काढला. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मुक्या जिवाचं बी लेकरूच हाय. आधी पाळणा करून ठिवायचा न्हाई."

"आत्याबाई, तो पाळणा न्हाई, पेटी हाय."

"पेटी काय, पाळणा काय. एकदा आपल्या घरात होऊन गेलं ना?"

झालं. यावर कोण बोलणार? मी तर बिलकुलच नाही. माझ्या पोटात दुपटं होतं.

मादीला नराच्या खणात न्यायचं असतं, नराला तिच्या खणात सोडलं तर ती त्याला बोचकारून काढते. मालकांनी मादीला उचलून नेलं, पाच मिनिटांत कार्यक्रम उरकला, आणि तिला परत तिच्या खणात आणून ठेवलं. सासू हे सगळं ओसरीवरून बघत होती. "पाच मिनिटाचं सासर आन् लगीच माहेर," ती म्हणाली, "बरं हाय बाई हिचं." साठ वर्षांच्या संसारात सासूनं कुणाचा हेवा केलेला मी पहिल्यांदाच ऐकला, तोही सशाचा.

मालकांनी कॅलेंडरवर विण्याच्या तारखेला लाल गोल केला. सासूनं दुसऱ्या दिवशी त्या तारखेवर कापडी पिशवी अडकवली. दिवस मोजायचे नाहीत, तेही कायद्यातच. मालकांनी पिशवी काढली, सासूनं परत अडकवली. शेवटी मालकांनी माघार घेतली, आणि घरात गॅसची तारीखसुद्धा कुणाला दिसेना.

पुसाचे दिवस होते, थंडी मी म्हणत होती. अशाच एका सकाळी मी चूल पेटवत होते तर मागून पावलं वाजली. लेक उभी होती. तिचे दोन्ही हात पुढं होते आणि ओंजळीत सहा पिल्लं. बोटाएवढी, लालसर, डोळे मिटलेले. एकही हलत नव्हतं. पिल्लांना ऊब म्हणून मादीनं पोटाचे केस उपटले होते, पण ते धरायला पेटीच नव्हती, सगळे केस जाळीतून खाली लेंड्यांत पडलेले. पिल्लं जाळीवर राहिली आणि गारठून गेली.

लेक माझ्याकडं बघून बोलली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"हिच्यासाठी बी कुणी काहीच केलं नव्हतं?"

माझ्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. मला वाटलं होतं, तिला माझं दुपटं कळलंय आणि म्हणून ती रागावलीय. आणि ती तर असं म्हणत होती, की काहीच केलं नव्हतं. मला पुरतं उमगलं नाही. तोंड उघडून सांगून टाकायचं होतं तिथंच. पण नाही. मी म्हणाले, "चहा घेतीस का?" असली हुशार बाई मी.

मालक त्याच दिवशी मोबाईलमध्ये बघून म्हणाले, "पेटी पायजे होती." वा! बैल गेला आणि झोपा केला. मी त्यांना जे बोलायचं ते बोलले, ते इथं लिहीत नाही. सहा पिल्लं त्यांनीच परसात पुरली. लेक तिथं उभी राहिली होती. स्वतःच्या लेकराच्या वेळी तिला कुणी जाऊ दिलं नव्हतं, बाळंतिणीनं जायचं नसतं म्हणून. तोही कायदाच.

चार दिवसांनी सकाळी लेक डोक्याला स्कार्फ बांधून दारात उभी. "शिरूरला चालले," म्हणाली. तीन महिन्यांत ती फाटकाच्या बाहेर गेली नव्हती. मालक "मी येतो, मी येतो" करत चप्पल शोधायला लागले, तोवर ती रिक्षात बसूनही गेली. दुपारी आली ती पेटी घेऊन. चाचांनी लाकडी फळ्यांची करून दिली होती. पुढची बाजू बुटकी, आईला उडी मारता यावी आणि पिल्लांना बाहेर पडता येऊ नये अशी.

सासू म्हणाली, "आगं पर आत्तापासून?"

"आजी," लेक म्हणाली, "आधी न करून बी मेलीच की."

सासूचा चेहरा उतरला. मला तिची कीव आली, तेवढ्यापुरती. तिची स्वतःची दोन गेली होती, पाळणा न करता. ही गोष्ट ती कधी काढायची नाही, मालकांनी मला लग्न झाल्यावर एकदाच सांगितली होती.

मग लेकीनं सगळं हातात घेतलं. मादी धड झाल्यावर तिला परत नराकडं नेलं. कॅलेंडरवरची पिशवी काढून खुंटीला लावली. बांधावरचं मऊ गवत कापून आणलं, पत्र्यावर वाळवलं, त्यातले काटे एकेक करून वेचले. मी म्हणाले, "सोयाबीनचा भुस्सा पडलाय की ढीगभर." ती म्हणाली, "टोचतो." माझ्याशी बोललेला एक शब्द. मी तो दिवसभर मनात घोळवला, लाज वाटावी इतका. मालक मध्येमध्ये येऊन व्हिडिओ दाखवायचे. ती "हाव बाबा" म्हणायची आणि चाचांनी सांगितलं तेच करायची.

पेटी ठेवली आणि दोन दिवसांनी मादीनं तोंडात गवत धरून फेऱ्या घालायला सुरुवात केली. गवताचा घास मिशांसारखा दोन्हीकडं लोंबतोय, आणि बाई पेटीत उडी मारतेय, कोपऱ्यात गवत दाबतेय, परत बाहेर. काही केल्या तिचं समाधान होईना. मग बसली आणि स्वतःच्या पोटाचे केस तोंडानं उपटायला लागली.

सासू धावत आली. "आगं माय! खरूज झाली हिला. करंजाचं तेल आना कुणीतरी."

"आजी, खरूज न्हाई," लेक म्हणाली. "तयारी करूलालीय ती."

"कशाची?"

"लेकरांची. अजून व्हायचीत, तरी करूलालीय."

सासू तिथंच खाली टेकली. तेलाचं नाव परत काढलं नाही. मादी आपली उपटतच होती. तिला कायदा सांगायला कुणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं झाली. सात. लेकीनं मादीचंच गवत हाताला चोळलं, हाताला माणसाचा वास येऊ नये म्हणून, आणि केस बाजूला करून मोजली. सातही हलत होती. मालकांनी इतक्या जोरात "सात!" म्हणून आरोळी दिली, की रस्त्यावरची एसटी थांबली असती. पण लेकीचा चेहरा सरळ होईना. मादीचे केस मागच्याच महिन्यात उपटले गेले होते, अजून नीट आलेच नव्हते. गवतावर पांढरी पातळ साय असावी तेवढेच होते. आणि सशाची आई काही कोंबडीसारखी पिल्लांवर बसत नाही, दिवसातून एकदा येते, दूध पाजते आणि जाते. वारा सुटला होता, पेटीच्या फटींतून आत शिरत होता.

"पेटीला बाहेरून काहीतरी गुंडाळायला पायजे," लेक म्हणाली. "मऊ, जाड. आत नको, दोरा पायात गुंततो म्हणाले चाचा."

मालकांनी पोतं आणलं. त्याला युरियाचा वास येत होता. सासूनं तिची घोंगडी दिली, ती पिंजऱ्यात मावेना. लेक इकडंतिकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत तेच आलं, दवाखान्यातलं. पुन्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे, आणि पुन्हा कुणाकडं काही नाही.

मी आत गेले. पत्र्याच्या पेटीचं कुलूप काढलं. चादरी फेकून दिल्या आणि दुपटं घेऊन बाहेर आले.

"हे घे."

तिनं घेतलं, पेटीभोवती गुंडाळलं. मापात बसलं, जणू पेटीसाठीच शिवलंय. सुतळी बांधता बांधता तिचा हात लाल फुलावर थांबला. मग तिनं ते हिरवं कापड नीट बघितलं.

"हे तुझं लुगडं हाय."

"हाव."

"कवा शिवलंस?"

"तुला सातवा लागला तवा."

सासूनं माझ्याकडं बघितलं. मालक मोबाईल खिशात घालायला लागले, तो खिशात जाईना. मी मनाशी म्हणाले, आता जे व्हायचं ते होऊ दे. "चोरून शिवलं. अंगणवाडीत बसून. पत्र्याच्या पेटीत तळाला घातलं. आन् मंग असं झालं. मला वाटलं, मीच केलं. म्हनून त्या दिवशी काढलं न्हाई. मला माफ कर माय."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडलीच. पण भलतंच.

"मग मला सांगायचं ना!" ती म्हणाली. "बाबाच्या टॉवेलात गेलं माझं लेकरू. मला वाटलं, ते येणार हायच असं ह्या घरात कुणाला वाटलंच नव्हतं. चिंधी नव्हती तिच्या नावाची. मी रोज तेच मोजत बसले, रोज. आन् हे पेटीत होतं?"

"हाव."

"दहा पावलावर?"

"हाव," मी म्हणाले. आता ते दोन शब्द माझ्या वाट्याला आले होते.

ती पिंजऱ्याला टेकून रडली. लेकरू गेल्यावर पहिल्यांदा आवाज काढून रडली. मी जवळ गेले तर मला ढकललं, मग माझाच दंड धरला आणि सोडला नाही. नखं लागली. लागू दे, म्हणाले मी. सासू भिंतीकडं तोंड करून बसली होती, पदर तोंडाला. मालक तेवढे बोलले, कारण न बोलून कसं चालेल. "मादीला भ्या वाटंल," म्हणाले. आम्ही दोघींनी एकदमच त्यांना गप केलं.

सातातली सहा जगली. सातवं पहिल्याच दिवशी अशक्त होतं, ते गेलं. लेकीनं ते स्वतः नेऊन पुरलं. उरलेल्यांना आठवड्यात मऊ केस आले, दहा-बारा दिवसांनी डोळे उघडले, आणि मग ती पेटीतून उड्या मारायला लागली. त्या रविवारी जावयाचा फोन आला तेव्हा लेक म्हणाली, "या पुढच्या रविवारी." मी चुलीपुढं बसून सगळं ऐकलं. मुद्दाम ऐकलं.

जायच्या आदल्या दिवशी तिनं पेटीचं दुपटं सोडलं. लेंड्यांचे डाग होते, केस चिकटलेले. हौदावर बसून तिनं ते दोनदा धुतलं, आणि परसात वाळत न घालता पुढच्या अंगणात, गल्लीकडच्या दोरीवर घातलं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या थेट डोळ्यांपुढं.

सासू म्हणाली, "आत घे बाई ते. लोक इचारतील, कुणाचं म्हनून."

"इचारू द्या," लेक म्हणाली. "सांगा, माझ्या पोरीचं हाय."